निळा टिकत नाही! (इरिडियम, तांबं आणि मोबाइलचा पडदा)

अतिनील | ११ जुलै, रात्री ११:५२

काल रात्री पावणेदहा. बाहेर धो धो पाऊस, हार्बर लाइन बोंबललेली, त्यामुळे घरी जायची घाई नव्हती. संध्याकाळी गाळून ठेवलेली पावडर चिमूटभर टोल्युइनमध्ये विरघळवली, दिवे बंद केले आणि कुपी यूव्ही दिव्याखाली धरली. काही नाही. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही, एक मरतुकडी शेवाळी झाक होती. मग लांब सुई घालून नायट्रोजनचे बुडबुडे सोडायला सुरुवात केली. पाचेक मिनिटांत कुपी उजळत उजळत आकाशी निळी झाली. फेरीवर आलेले सिक्युरिटीवाले काका दारातच थांबले. "मॅडम, हे काय पेटवलंत?"

फोटो घरी आईला दाखवला. ती म्हणाली, "नीळ घातलीय का यात?"

कौतुक करून घ्यायला धागा काढलेला नाही. (बरं, थोडासा त्यासाठीच काढलाय.) पण पाच वर्षं मी नेमकं काय करते हे नातेवाईकांना एकदाही धड सांगता आलेलं नाही. इथे प्रयत्न करते. तासाल तुम्ही, माहीत आहे.

तुमच्या हातातल्या मोबाइलचा पडदा ओएलईडी असेल तर त्यातल्या लाल आणि हिरव्या ठिपक्यांत बहुधा इरिडियम आहे. वीज देऊन प्रकाश काढायचा तर थराच्या एका बाजूने इलेक्ट्रॉन सोडायचे, दुसऱ्या बाजूने 'होल', म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. दोघं एका रेणूवर भेटले की रेणू उत्तेजित होतो. भेटताना त्यांचे स्पिन (इलेक्ट्रॉनची अंगभूत फिरकी) कसे जुळतील हा निव्वळ हिशोब आहे : चारातली एक जोडी सिंग्लेट, तीन ट्रिप्लेट. सिंग्लेट काही नॅनोसेकंदांत प्रकाश टाकून मोकळी होते. ट्रिप्लेटला मात्र नियमाने खाली उतरायची बंदी. ती वरच लटकून राहते आणि तिची ऊर्जा उष्णता होऊन जाते. शंभर रुपयांच्या विजेतले पंचाहत्तर पाण्यात.

इथे जड धातू कामाला येतो. इरिडियमचा अणुक्रमांक ७७. इतक्या जड केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षेतली गती एकमेकांत गुंततात, आणि ट्रिप्लेटच्या अंगात थोडं सिंग्लेटपण मिसळतं. बंदी सैल होते. फलाटावर अडकलेल्या तिघांना टीसीच ओळखीचा निघावा, तसं. एक-दोन मायक्रोसेकंदांत तिघंही बाहेर, आणि जाताना प्रकाश देऊन.

लाल झाला, हिरवा झाला. निळ्याने मात्र सगळ्यांची पंचवीस वर्षं खाल्ली आहेत.

---

साबुदाणावडा | १२ जुलै, सकाळी ७:१०

अतिनीलराव, छान लिहिलंय. टीसीशी ओळख वगैरे ठीक, पण विनातिकीट प्रवासाचं उदात्तीकरण नको :)

दोन शंका. ऑरगॅनिक एलईडी म्हणजे नेमकं काय ऑरगॅनिक? आमच्याकडे ऑरगॅनिक म्हटलं की गूळ येतो. आणि माझ्या आधीच्या फोनवर कीबोर्डचा डाग कायमचा उमटला होता, त्याचा याच्याशी काही संबंध?

---

अतिनील | १२ जुलै, सकाळी ८:३५

राव नाही हो, ताई :)

ऑरगॅनिक म्हणजे कार्बनी रसायनशास्त्रातलं. शेणखताशी संबंध नाही. आतले सगळे थर एकावर एक ठेवले तरी जाडी १०० ते २०० नॅनोमीटर, केसाच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आसपास.

कीबोर्डचा डाग म्हणजे आमचाच जुना शत्रू. ठिपके सारखे म्हातारे होत नाहीत. जिथे एकच चित्र सतत उजळ राहतं तिथले आधी थकतात, आणि त्यातही निळे सगळ्यात आधी. निळा ठिपका बहुतेक फोनांत अजून जुन्याच फ्लुरोसन्सवर (नुसत्या सिंग्लेटच्या प्रकाशावर) चालतो, म्हणजे तेच शंभरातले पंचवीस (आणि काही क्लृप्त्या करून त्याहून थोडे जास्त). तो कमी प्रकाश देतो म्हणून त्याचा आकार मोठा ठेवावा लागतो. भिंगातून पाहा एकदा, दिसेल.

---

गिरगावकर_काका | १२ जुलै, दुपारी ३:०५

वाचून मजा आली. आमच्या पिढीला इरिडियम ठाऊक ते फाउंटन पेनच्या निबमुळे. निबवर 'इरिडियम पॉइंट' कोरलेलं असायचं आणि मामा सांगायचा, हे टोक झिजत नाही. शाळेत मी तसली चार टोकं वाकडी केली, तो भाग निराळा.

दुसरी ओळख झवेरी बाजारात. तिथे भावाचं दुकान होतं. सोन्यात इरिडियम, रुथेनियमची भुकटी मिसळायचे प्रकार चालत. इरिडियमचं वजन सोन्याहूनही जास्त, त्यामुळे तोलून कळत नाही आणि कसोटीवर घासूनही कळत नाही. ते सोन्यात नीट विरघळत नाही, कण कण तसेच राहतात. मशीनवर तपासायला लागल्यावर चोऱ्या उघड्या पडू लागल्या.

तेव्हा पोरी, जपून. तुझ्या कपाटातलं इरिडियम कोणाच्या बांगडीत जायचं.

---

अतिनील | १२ जुलै, रात्री १०:२०

काका, कुलपात आहे! इरिडियम क्लोराइडची एक ग्रॅमची बाटली. चमचाभर काढायची तरी रजिस्टरमध्ये सही लागते. निबच्या टोकांत पुढे पुढे इरिडियम नावापुरतंच उरलं, ऑस्मियम, टंगस्टन, रुथेनियम असली कठीण मिश्रणं आली. नाव मात्र तेच कोरत राहिले.

नावावरून आठवलं. १८०३ मध्ये लंडनच्या स्मिथसन टेनंटला प्लॅटिनम आम्लात विरघळवल्यावर तळाशी उरलेल्या काळ्या गाळात हा धातू सापडला. त्याचे क्षार इतक्या रंगांचे निघाले की त्याने ग्रीकांच्या इंद्रधनुष्याच्या देवीचं, आयरिसचं नाव दिलं. दोनशे वर्षांनी हाच धातू रंगीत पडद्यात जाऊन बसला.

जगभरात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतो, बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून, तोही प्लॅटिनमच्या खाणीतला जोडधंदा म्हणून. मागणी वाढली तर जास्त खणू, असं म्हणायची सोय नाही. २०२१ मध्ये भाव औंसाला ६००० डॉलरच्या वर गेला होता. एका फोनमध्ये तो नगण्यच असतो, कारण मूळ थरात पाच-दहा टक्के मिसळायचा आणि थर नॅनोमीटरचा. पण हे थर निर्वात पेटीत पावडर तापवून, तिची वाफ करून बसवतात, आणि त्यातली बरीचशी वाफ काचेवर न बसता पेटीच्या भिंतींवर आणि जाळीवर बसते.

---

पायथनवाला | १३ जुलै, रात्री १२:४४

उत्तम धागा. पण थोडं खाजवतो.

अजून एकेक पावडर गाळत का बसता तुम्ही लोक? २०१६ मध्ये हार्वर्ड, एमआयटी आणि सॅमसंगच्या लोकांनी मिळून १६ लाख रेणूंचा ढीग संगणकावर चाळला. ते धातूविना प्रकाश देणारे रेणू होते. त्यातून निवडक बनवले आणि त्यांतल्या काहींची बाह्य कार्यक्षमता २२ टक्क्यांपर्यंत गेली. इरिडियमवरही झालंय : २०२१ मध्ये कार्नेगी मेलनच्या गटाने १४४० संयुगं समांतर छोट्या कुप्यांत बनवून सगळ्यांचा रंग आणि आयुष्य (उत्तेजित रेणू विझायला लागणारा वेळ, मायक्रोसेकंदांत) मोजलं. त्या आकड्यांवर मशीन लर्निंगची मॉडेलं उभी राहिली. लिगंडची (धातूला जोडलेल्या कार्बनी तुकड्याची) रचना द्या, सेकंदात रंग सांगतो.

आणि निळ्याचं रडगाणं संपलं ना? २०२५ मध्ये एलजी डिस्प्लेने निळ्या फॉस्फरसन्सचं (म्हणजे ट्रिप्लेटच्याही प्रकाशाचं) पॅनेल उत्पादनाच्या पातळीवर आणल्याचं जाहीर केलं.

---

अतिनील | १३ जुलै, रात्री ११:१५

आधी एलजी. ती दुमजली रचना आहे. खालच्या मजल्यावर जुना फ्लुरोसंट निळा, वरच्यावर फॉस्फरसंट. वीज वाचते, पण आयुष्याचा भार अर्धा खालच्याने उचललाय. पाऊल मोठं आहे, मान्य. नुसत्या फॉस्फरसंट निळ्यावर भिस्त ठेवायचं धाडस मात्र त्यातही नाही.

आता रंग सेकंदात सांगतो, याबद्दल. रंग मलाही सांगता येतो हो. लिगंडवर फ्लोरिन लावला, पिरिडिनच्या जागी कार्बीन आणला की प्रकाश निळ्याकडे सरकतो, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाचा मुलगा सांगेल. मला हवं आहे ते 'दिवा किती तास टिकतो'. तो रकाना तुमच्या कोष्टकात नसतो.

निळ्याची अडचण बघा. ४६० नॅनोमीटरचा निळा म्हणजे सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. रेणूतले नाजूक बंध तीन-साडेतीनला तुटतात. एक उत्तेजित रेणू शेजारच्या दुसऱ्या उत्तेजित रेणूवर किंवा जाता येता विद्युतभारावर आपटला की ऊर्जांची बेरीज पाचाच्या वर जाते, आणि काहीतरी तुटतंच. लाल रंगात हीच बेरीज बरीच कमी भरते. शिवाय निळ्याच्या उंचीजवळच धातूची स्वतःची एक स्थिती असते. खोलीच्या तापमानाला रेणू तिथे चढतो, धातू-लिगंड बंध सैल होतो, लिगंड सुटतो. म्हणजे जितका सुंदर निळा, तितका तो कड्याच्या टोकाजवळ उभा.

आणि तुमच्या आकड्यांबद्दल. या क्षेत्रातलं सगळ्यात प्रसिद्ध संयुग म्हणजे हिरवं आयआर-पीपीवाय-थ्री, इरिडियमभोवती तीन फिनाइलपिरिडिन. १९८५ मध्ये ते सापडलं ते दुसरंच काही बनवताना, थोडंसं पडलेलं जोडपदार्थ म्हणून. कोणी फेकून दिलं असतं तर? त्याची प्रकाश देण्याची क्षमता तेव्हा ०.४ मोजली गेली. तोच आकडा वर्षानुवर्षं सगळे उतरवत राहिले. पुढे ऑक्सिजन कसोशीने काढून, चांगल्या उपकरणांनी मोजल्यावर ०.९ च्या वर निघाला. रेणू तोच. ऑक्सिजन स्वतः ट्रिप्लेट असतो आणि आमच्या ट्रिप्लेटची ऊर्जा बसल्या जागी चोरतो. माझी कुपी परवा बुडबुडे सोडल्यावर उजळली ती म्हणूनच. कोणी घाईत बुडबुडे दोन मिनिटं कमी सोडले तर तुमच्या कोष्टकात 'निरुपयोगी' म्हणून ओळ पडते, आणि मॉडेल ते भक्तिभावाने शिकतं.

---

पायथनवाला | १३ जुलै, रात्री ११:४०

लागलं. पण मग तुम्ही लोक फसलेले प्रयोग छापत का नाही? आम्हाला येतात ते फक्त चमकणारे. परीक्षेत पास झालेल्यांचेच पेपर दाखवून 'नापास कसा होतो ते शीक' म्हणण्यासारखं आहे हे.

---

अंबरनाथ_फास्ट | १४ जुलै, सकाळी ६:५८ (गाडीतून, चुका माफ)

आमचं छोटं युनिट आहे एमआयडीसीत. लिगंडचे तुकडे बनवतो, बोरॉनिक ॲसिड, पिरिडिन वगैरे. आमच्या बाजूचं सांगतो.

परदेशी गिऱ्हाईकाला माल दिला, शुद्धता ९९.५, सगळे कागद बरोबर. परत आला. कारण? ब्रोमाइडचा अंश, तोही पीपीएममध्ये. औषधाच्या धंद्यात याहून कितीतरी पट चालतं, त्यामुळे आमचे जुने केमिस्ट हसले. पण दिव्याचं आयुष्य त्यानेच निम्म्यावर येतं म्हणतात. तेव्हापासून गिऱ्हाईक विचारण्याआधी आम्ही हॅलाइड (ब्रोमाइड, क्लोराइडसारखे अंश) मोजतो.

तेव्हा ताई, रेणू वाईट की माल घाण, हे आधी बघा. किती रेणू आमच्यासारख्यांच्या ब्रोमाइडने बदनाम झाले असतील देव जाणे.

ठाणं आलं. उभा राहतो.

---

अतिनील | १४ जुलै, सकाळी ९:२०

हा प्रतिसाद छापून फ्युमहुडवर चिकटवते.

---

मधली_सुट्टी | १४ जुलै, दुपारी १:३०

बारावीला रसायनशास्त्र शिकवते, परळला. कोऑर्डिनेशन कंपाउंड म्हटलं की मुलं झोपतात. डी-ऑर्बिटल, फेशियल, मेरिडिओनल. चमकणारं काही दाखवता येईल का? इरिडियमचं बजेट नाही, हे ओघाने आलंच :)

---

अतिनील | १४ जुलै, रात्री ९:४०

बाई, फेशियल-मेरिडिओनल झोपायचा विषय नाहीच. त्यांना सांगा : तेच तीन लिगंड, तोच इरिडियम, फक्त मांडणी वेगळी. मेर बनतो कमी तापमानाला, प्रकाश देतो पण कमी, आणि लवकर बिघडतो. फॅक करायला ग्लिसरॉलमध्ये दोनशे अंशांच्या वर उकळावं लागतं, आणि तोच टिकतो. पुस्तकातल्या त्या दोन आकृत्यांत दिव्याच्या आयुष्याचा फरक आहे.

दाखवायला खोट्या नोटा ओळखायचा यूव्ही दिवा घ्या, लोहार चाळीत मिळेल. आपल्या नोटेवरचा क्रमांक त्यात चमकतो. टॉनिक वॉटर निळं दिसतं, क्विनाइनमुळे. दोन्ही फ्लुरोसन्स, धातूविना. आणि आता गणपतीआधी बाजारात अंधारात हिरव्या चमकणाऱ्या मूर्ती, चांदण्या येतील. त्यांत बहुतेकदा युरोपियम घातलेलं स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असतं. दिवा बंद केल्यावरही ती चमकत राहतात कारण ऊर्जा स्फटिकातल्या खड्ड्यांत अडकते आणि सावकाश सुटते. आमच्या इरिडियमशी गल्लत करू नका, ते एक-दोन मायक्रोसेकंदांत संपतं.

---

गिरगावकर_काका | १५ जुलै, सकाळी ११:००

युरोपियम म्हणजे रेअर अर्थ ना? मग आपल्या केरळच्या मोनाझाइट वाळूचं काय? ती सरकारी कंपनी आपल्या प्रभादेवीलाच आहे. परदेशी इरिडियमच्या मागे कशाला?

---

अतिनील | १५ जुलै, रात्री १०:०५

काका, प्रश्न रास्त. पण मोनाझाइटमध्ये मुख्यतः सिरियम, लँथनम, निओडिमियम. युरोपियम अगदीच किंचित. त्याचा लाल ६१२ नॅनोमीटरला सुईसारखा टोकदार असतो, युरोच्या नोटांत तोच आहे. पण प्रकाश द्यायला तो मिलिसेकंदाच्या घरात वेळ घेतो. पडदा जरा उजळ केला की रेणू आधीच्याच ऊर्जेत अडकलेले, नवी घ्यायला मोकळं कोणी नाही.

माझा स्वतःचा जीव खरं तर तांब्यात अडकलाय. स्वस्त, भरपूर. तांब्याचं तंत्र निराळं : अणू इतका जड नाही, पण रेणू नीट रचला तर सिंग्लेट आणि ट्रिप्लेट इतके जवळ येतात की खोलीच्या उष्णतेवरच ट्रिप्लेट वर चढून सिंग्लेट होते. २०१७ मध्ये कार्बीन आणि अमाइडच्या मध्ये सोनं किंवा तांबं सरळ रेषेत बसवलेल्या संयुगांनी ही वाट मोठी केली. २०१९ मध्ये तांब्यालाच ९९ टक्क्यांवर क्षमता मिळाली.

माझं तांबं मात्र जुन्या घाटाचं, चार हातांचं. पावडर दिव्याखाली हळदीसारखी लखलखीत, द्रावणात घातली की मेली. उत्तेजित झाल्यावर तो रेणू चपटा होतो, पोळीसारखा, आणि सगळी ऊर्जा त्यातच जाते. घनात शेजारी दाटीवाटीने बसलेले असतात म्हणून चपटा होता येत नाही, गर्दीच्या डब्यात हात पसरता येत नाहीत तसं. मी शेंडीच्या जागी जाड गट लावून त्याला चपटं व्हायचीच बंदी केली. जमलं! मग गणपतीच्या सुट्ट्या आल्या. आमच्या इमारतीत सुट्टीत एसी बंद करतात, सांगूनही करतात. ग्लोव्हबॉक्सचा (हवा शिरू न देणाऱ्या पेटीचा) नायट्रोजन सिलिंडर संपला, बदलायला कोणी नव्हतं. परत आले तर पावडरीवर कळशीला चढतो तसा हिरवा कळंक. पावणेदोन वर्षांचं काम.

हे मी कुठेही छापलेलं नाही. पायथनवाला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. लाज वाटते म्हणून. आणि 'एसी बंद होता' हे कुठल्या जर्नलला पाठवायचं?

---

साबुदाणावडा | १५ जुलै, रात्री १०:३०

अरे देवा. पावणेदोन वर्षं. आमच्या जुलैत चपलांना बुरशी येते, तिथे पडद्यांना काय होत असेल?

---

अतिनील | १५ जुलै, रात्री १०:५०

म्हणूनच त्यांना काचेत किंवा खास थरांत बंद करतात. चौरस मीटरमधून दिवसाला एक मायक्रोग्रॅमच्या वर वाफ शिरता कामा नये, असा दंडक आहे. मुंबईत बसून हे वाचताना हसू येतं.

---

पायथनवाला | १६ जुलै, रात्री १:१२

एक सुचवतो. तुमच्या वहीतली सगळी, मेलेली धरून, एका कोष्टकात टाका. रंग, आयुष्य, आणि शेवटी एक रकाना : 'मेला कधी, कशाने'. ऑक्सिजन, ब्रोमाइड, एसी, काहीही चालेल. मॉडेल फुकटात चालवून देतो. चमकणाऱ्यांपेक्षा मेलेले जास्त असतील तर उत्तमच.

---

अतिनील | १६ जुलै, सकाळी ८:०२

६३ आहेत. त्यातले मेलेले ५१. टाकते.

---

अतिनील | २४ जुलै, रात्री ११:३०

कुपीचा निकाल. ४६६ नॅनोमीटर, आयुष्य १.८ मायक्रोसेकंद, ऑक्सिजन नीट काढून. दोन दिवस मी गाणी म्हणत होते.

मग दिव्याखाली सलग ठेवली. तीन तासांत प्रकाश निम्मा. एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या तपासणीत) सुटा लिगंड स्पष्ट दिसतोय, म्हणजे बंध तुटलाच. अंबरनाथवाले दादा, हॅलाइड आधी मोजलं होतं, त्यामुळे या वेळी दोष तुमचा नाही, रेणूचाच.

कोष्टकात ६४वी ओळ टाकली आहे.

---

पायथनवाला | २४ जुलै, रात्री ११:५८

मिळाली. तापमानाचा रकाना रिकामा आहे.

---

अतिनील | २५ जुलै, रात्री १२:०३

३१. एसी बंद होता.